घरावर सोलर बसवताय? कोटेशन मागवण्याआधी गच्चीवर चढा (सोलापूरचा अनुभव)

वळीव:

माझी धाकटी बहीण जुळे सोलापुरात राहते. जानेवारीतली गड्डा यात्रा संपल्यावरच्या रविवारी तिनं तीन कोटेशनं माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "दादा, यातलं कुठलं घेऊ?" मी म्हटलं, आधी गच्चीवर चल. दुपारभर आम्ही वर होतो. खाली आल्यावर तिन्ही कागद बाजूला ठेवले. किमतीत फार फरक नव्हता, पण तिच्या घराबद्दल जे विचारायला हवं होतं ते तिघांपैकी एकानंही विचारलं नव्हतं.

माझ्याकडे विजापूर रोडला ३.२४ किलोवॅटचं (५४० वॅटचे सहा पॅनेल) २०२४च्या उन्हाळ्यापासून चालू आहे. मी समाधानी आहे, हे आधीच सांगतो. पूर्वी महिन्याला सरासरी ३०० युनिट लागायचे, बिल साडेतीन हजारांपर्यंत जायचं. आता बरेच महिने स्थिर आकारावर भागतं. तरीही काही गोष्टी आधी कळल्या असत्या तर बरं झालं असतं, म्हणून हा धागा. तुमचेही अनुभव लिहा, बहिणीलाही वाचायला देणार आहे.

पहिली गोष्ट सावली. बहिणीच्या जिन्याची खोली गच्चीच्या दक्षिण टोकाला आहे, आणि तिच्यावर पाण्याची टाकी. दोन्ही मिळून गच्चीपासून बारा फूट उंच. सोलापुरात डिसेंबर-जानेवारीत भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, क्षितिजापासून पन्नास अंशांच्या आसपासच चढतो. आम्ही खडू घेऊन बसलो आणि दर तासाला सावलीची कड आखली. साडेतीनला ती सावली वीस फुटांच्या आसपास लांब होती, आणि एका कोटेशनमध्ये नेमके तिथेच दोन पॅनेल काढले होते! त्या विक्रेत्यानं पाहणी मे महिन्यात केली होती. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, तेव्हा गच्चीवर कसलीच सावली दिसत नाही. उन्हाळ्यात पाहणी झाली असेल तर डिसेंबरची सावली कागदावर काढून मागा. पॅनेल एकापुढे एक माळेसारखे जोडलेले असतात, त्यामुळं एकावर सावली आली की त्या माळेची वीज घटते. आत बायपास डायोड असतात, त्यानं नुकसान कमी होतं, पण होतंच. शेजारचा प्लॉट मोकळा असेल तर तिथं उद्या तीन मजले चढतील हेही धरून चाला.

दुसरी गोष्ट वीजबिलावरचं नाव. आमचं मीटर वडिलांच्या नावावर होतं, आणि ते जाऊन नऊ वर्षं झाली होती. बिल भरत होतो, कुणी काही विचारत नव्हतं. अनुदान मात्र अर्जदाराच्या बँक खात्यात जमा होतं आणि अर्ज वीजजोडणीच्या ग्राहकाच्या नावानं होतो. वारसांची संमती, मृत्यूदाखला, घरपट्टीचा उतारा हे सगळं जमवून नाव बदलेपर्यंत दोन महिने गेले. हे काम आजच करून टाका, सोलर पुढच्या वर्षी बसवणार असलात तरी.

तिसरी गोष्ट किती किलोवॅट. इथं घाई होते. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटना किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० मिळतात, म्हणजे ३ किलोवॅटला ७८,०००. पुढं कितीही मोठं बसवलं तरी अनुदान तेवढंच. त्यामुळं विक्रेता सरसकट "तीनचंच घ्या" म्हणतो. पण तुम्ही वर्षाला किती युनिट वापरता? गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि बेरीज करा. १ किलोवॅट आपल्या उन्हात दिवसाला सरासरी चार युनिट देतं. माझ्याकडे वर्षाला साडेचार हजार युनिट तयार होतात, लागतात ३,६००च्या आसपास.

मग उरलेल्या युनिटांचं काय? नेट मीटरमध्ये दिवसा जास्त झालेली वीज महावितरणच्या तारेत जाते आणि तेवढे युनिट तुमच्या नावावर जमा राहतात. ते महिन्या-महिन्यानं पुढं ओढले जातात, पण ३१ मार्चला हिशोब मिटतो. शिल्लक युनिट पुढच्या वर्षात जात नाहीत, त्यांचे पैसे कमी दरानं बिलात जमा होतात. आता आपलं हवामान डोळ्यापुढं आणा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्वच्छ ऊन, घरात पंखाही फारसा नाही, भरपूर युनिट साठतात. आणि १ एप्रिलला पाटी कोरी होते, नेमकं कूलर-एसी चालू व्हायच्या तोंडावर! हिवाळ्यातली वीज मे महिन्यात वापरू असं गणित कुणी मांडून दाखवलं तर ते सोलापुरात जमत नाही. माझे नऊशेच्या आसपास युनिट दरवर्षी असे कमी दरात जातात. मी अडीचवर भागवू शकलो असतो.

आणि हो, उन्हाचा गैरसमज. ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त, असं मलाही वाटायचं. पॅनेलवर लिहिलेले वॅट २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. मेमध्ये बाहेर ४३ अंश असताना पॅनेल पासष्टच्या पुढं तापतं. साध्या मोनो पर्क पॅनेलची वीज दर अंशाला साधारण ०.३५ टक्क्यानं घटते, म्हणजे भर दुपारी चौदा-पंधरा टक्के तिथंच गेले. टॉपकॉन प्रकारात घट थोडी कमी असते. माझे सगळ्यात चांगले दिवस फेब्रुवारी-मार्चचे आहेत. म्हणून पॅनेलखालून वारा खेळला पाहिजे, ते स्लॅबला चिकटवून बसवू नका.

लिहायला अजून बरंच आहे, पण आधी तुमचं ऐकतो.

———

पूर्वभाग:

छान लिहिलंय दादा. आमच्याकडे खाली यंत्रमाग, वर घर. मीटर दोन आहेत. विक्रेता म्हणतो दोन्हीचं मिळून ६ किलोवॅट बसवू आणि अनुदान घेऊ. असं होतं का? शिवाय मागच्या अर्ध्या घरावर अजून जुनं माळवद आहे, पुढं स्लॅब.

———

वळीव:

नाही होत. अनुदान फक्त घरगुती जोडणीला. मागाची जोडणी औद्योगिक दराची असते, तिच्यावर सोलर बसवता येतं आणि नेट मीटरही मिळतं, पण त्याला हे अनुदान नाही. दोन जोडण्या, दोन वेगळ्या सिस्टीम, दोन वेगळे अर्ज. घरच्या मीटरची वीज मागाला जोडण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला दारातूनच परत पाठवा, ते नियमाबाहेरचं आहे. माळवदाबद्दल जाणकारांनी सांगावं.

———

खडी_सिमेंट:

मी बांधकामातला माणूस आहे, बत्तीस वर्षं सोलापुरात स्लॅब टाकतोय.

माळवदावर बसवू नका. सागवानी तुळया, वर फळ्या, वर मातीचा थर. दर पावसाळ्याआधी वर माती टाकून ते आधीच जड झालेलं असतं. एकाच जागी भार आला की तुळई वाकते. तुमच्या पुढच्या स्लॅबवर जेवढं मावेल तेवढंच घ्या. पत्र्याच्या घराचंही तसंच, आधी खालचा लोखंडी सांगाडा तपासा, पत्रा स्वतः काही पेलत नाही.

स्लॅबचं म्हणाल तर लोक वजनाला घाबरतात. सहा पॅनेल म्हणजे पावणेदोनशे किलोच्या आसपास, वर सांगाडा. धडधाकट स्लॅबला हे काहीच नाही, तुमची भरलेली हजार लिटरची टाकी एक टनाची असते. भीती वाऱ्याची धरा. सहा पॅनेल मिळून पंधरा चौरस मीटरचं शीड होतं. एप्रिल-मेमधला आपला वळीव कसा येतो माहीत आहे ना? आधी धुळीचा लोट, मग वारा, मग पाऊस. तो वारा पॅनेल खाली दाबत नाही, वर उचलतो. शेळगीकडे एका घरावरचा अख्खा सांगाडा शेजारच्या गच्चीत पडलेला मी पाहिला आहे. पाय स्लॅबमध्ये जेमतेम दोन इंच बोल्टनं धरले होते.

सांगाड्याचे पाय शक्यतो तुळई आणि खांबाच्या रेषेत घ्यायचे. भोकं पाडायची नसतील तर काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात पाय पुरतात. एक फूट लांब-रुंद-उंच ठोकळा सत्तर किलोच्या आसपास भरतो. असे किती लागतील हे सांगाड्याच्या उंचीवर ठरतं, अंदाजपंचे नाही. भोकं पाडायचीच असतील तर केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का बसवलेला बोल्ट) आणि त्यावर नीट वॉटरप्रूफिंग. लोखंड गरम जस्तात बुडवलेलं, नुसता चंदेरी रंग मारलेलं नाही. कापलेल्या आणि वेल्डिंग केलेल्या जागा बघा, गंज तिथूनच चढतो. नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे.

आणि बसवण्याआधी स्लॅब खालून बघा. पोपडे निघालेत, सळई दिसते, पावसात ओल येते? तर आधी ते काम. पॅनेल पंचवीस वर्षं राहणार आहेत. वर सांगाडा उभा झाल्यावर वॉटरप्रूफिंग करायचं म्हणजे सगळं उतरवा, पुन्हा चढवा.

———

शेंगापोळी:

मी गृहिणी म्हणून लिहिते, कारण हा निर्णय आमच्या घरी पुरुषांनी घेतला आणि गच्ची मात्र मी वापरते.

आमच्याकडे उत्तरेकडून अडीच फूट आणि दक्षिणेकडून एक फूट उंचीवर पॅनेल बसवले. स्वस्त पडलं. त्याबरोबर माझी अर्धी गच्ची गेली. पापड, कुरडया, सांडगे कुठं घालायचे? उन्हाळ्यात रात्री आम्ही सगळे वर झोपतो, लाईट गेली की तर झोपतोच. खालचा कचरा काढायला हात जात नाही, कबुतरांनी घरटी केली. वर्षानं पुन्हा पैसे घालून सांगाडा आठ फूट उंच करून घेतला. आता खालून चालता येतं, वाळवणाला पुढची उन्हाची पट्टी मिळते, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खालच्या खोलीचा स्लॅब तापत नाही. पूर्वी मेमध्ये रात्री दहालाही भिंती गरम असायच्या.

तायांनो, पाहणीला माणूस येईल तेव्हा तुम्हीही वर जा. कपड्यांच्या दोऱ्या, वाळवण, तुळस, टाकी साफ करायला चढायची शिडी, सगळं त्याला दाखवा.

———

खडी_सिमेंट:

ताई, बरोबर. फक्त उंच केलं की वारा जास्त लागतो हे विसरू नका. आठ फुटांच्या सांगाड्याला तिरपे आधार आणि मोठे ठोकळे हवेतच. फोटो टाका, बघून सांगतो.

———

होटगीरोड_गच्ची:

माझा अनुभव कडू आहे. आमच्याकडे लाईट जास्त जाते म्हणून सोलर घेतलं. पहिल्याच दिवशी दुपारी लाईट गेली आणि सोलरही बंद! लख्ख ऊन, वर दोन लाखांचे पॅनेल, घरात पंखा नाही. विक्रेत्याला फोन केला तर म्हणतो, "असंच असतं." मग विकताना का नाही सांगितलं? फसवल्यासारखं वाटलं.

———

तारवाला:

वायरिंगच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून हे नीट सांगतो.

नेट मीटरवरचा साधा सोलर इन्व्हर्टर बाहेरची लाईट गेली की बंद पडतो, आणि तो बंद पडलाच पाहिजे. लाईनमन खांबावर काम करत असतो. तारेत वीज नाही असं समजून त्यानं हात लावला आणि तुमच्या गच्चीवरून वीज त्या तारेत येत असेल तर त्याचा जीव जाईल. त्या माणसासाठी ही सोय आहे. जवळच १,३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प आहे, तरी आपल्या भागाच्या वीजवाहिनीवर झाड पडलं की आपल्याकडे अंधार होतोच. लाईट जाण्यावर उपाय हवा असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते. खर्च बराच वाढतो, बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, आणि अनुदानात बॅटरीचे जादा पैसे नाहीत. ज्यांच्याकडे आधीच साधा इन्व्हर्टर-बॅटरी आहे त्यांनी ती राहू द्यावी. सोलर बिलासाठी, जुनी बॅटरी लाईट गेल्यावर पंखे-दिव्यांसाठी. बहुतेक घरांना एवढं पुरतं.

दुसरं अर्थिंग. इथं सगळ्यात जास्त काटकसर होते, कारण ते जमिनीत असतं, दिसत नाही. तीन वेगळी अर्थिंग लागतात: पॅनेल आणि सांगाड्याचं एक, इन्व्हर्टरच्या घराकडच्या (एसी करंटच्या) बाजूचं एक, आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचं एक. तिन्ही एकाच खड्ड्यात जोडून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडे वर थोडी माती आणि खाली लगेच मुरूम-पाषाण, त्यामुळं खड्डा खोल गेला का हे समोर उभं राहून बघा. काम झाल्यावर मीटर लावून अर्थिंगचा रोध (ओहम) मोजून दाखवायला सांगा. वळवात विजा किती पडतात ते वेगळं सांगायला नको.

तिसरं, इन्व्हर्टर गच्चीवर उन्हात लटकवू नका. जिन्यात, सावलीत, हवा लागेल अशी जागा. तोसुद्धा तापला की वीज कमी करतो. पॅनेलच्या क्षमतेची हमी साधारण २५ वर्षांची असते, इन्व्हर्टरची पाच ते दहा. म्हणजे मध्ये एकदा इन्व्हर्टर बदलायचा खर्च येणार हे आत्ताच मनात धरा.

आणि नेट मीटर बसेपर्यंत सिस्टीम चालू करू नका. विक्रेता म्हणतो, "चालू करून देतो, बिल कमी येईल." काही साधी मीटरं बाहेर गेलेली वीजही वापर म्हणूनच मोजतात. बिल कमी यायच्या ऐवजी वाढून येतं, मग भांडत बसा.

———

होटगीरोड_गच्ची:

लाईनमनचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. आता राग गेला. धन्यवाद काका.

———

भाकरी_आमटी:

सगळं वाचलं. पण आमचं बिल महिन्याला सहाशे-सातशे येतं, नव्वदएक युनिट. आम्ही दोघंच, मुलं पुण्यात. शेजारी म्हणतात, सरकार पैसे देतंय तर बसवून घ्या. खरंच बसवावं का?

———

वळीव:

काका, तुमच्यासारख्यांनी घाई करू नये असं माझं मत आहे. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी आहे, १०१व्या युनिटापासून तो जवळजवळ दुप्पट होतो, ३००च्या पुढं आणखी चढतो. सोलरनं खरी बचत होते ती या वरच्या टप्प्यांतल्या युनिटांची. शिवाय त्यावर १६ टक्के वीज शुल्क असतं, तेही वाचतं. माझं महाग वीज वाचवणं होतं, म्हणून अनुदान वजा जाता घातलेले सव्वा लाखाच्या आतले पैसे तीन-साडेतीन वर्षांत निघतील. तुमची वाचणार ती सगळी स्वस्त वीज, आणि स्थिर आकार तर सोलर बसवूनही भरावाच लागतो. तुम्हाला १ किलोवॅट पुरेल, पण लहान सिस्टीमला किलोवॅटमागे खर्च जास्त येतो. दारिद्र्यरेषेखालच्या आणि १०० युनिटांच्या आत वापर असणाऱ्या घरांसाठी राज्य सरकारनं २०२५ मध्ये केंद्राच्या वर जादा अनुदानाची योजना आणली आहे, तुम्ही तिच्यात बसता का ते महावितरणच्या कार्यालयात विचारा. बसत असाल तर माझं मत बदलेल. कर्ज काढून मात्र तीनचं बसवू नका.

———

पूर्वभाग:

बहिणी-भावांच्या घराचा एक मुद्दा. आमची गच्ची तीन भावांची. मी बसवायला निघालो तेव्हा थोरल्या वहिनी म्हणाल्या, आम्ही उद्या वर मजला काढला तर? बरोबर होतं त्यांचं. बसून बोललो, कुणाचे पॅनेल कुठल्या भागात आणि मजला चढला तर हलवायचा खर्च कुणाचा ते कागदावर लिहून तिघांनी सह्या केल्या. आधी बोललो म्हणून वाकडं आलं नाही.

———

सातरस्ता_फ्लॅट:

फ्लॅटवाल्यांसाठी थोडक्यात. गच्ची सोसायटीची असते, एकट्यानं बसवायचं तर सोसायटीची लेखी परवानगी. आमच्या सोसायटीनं वेगळा मार्ग घेतला: लिफ्ट, पाण्याची मोटर आणि जिन्यातले दिवे यांच्या सामायिक मीटरवर सोलर बसवलं. सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० अनुदान आहे. देखभाल खर्च उतरला आणि गच्चीवरून कुणाचं भांडण नाही.

———

काळी_माती:

साफसफाईचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सोलापुरात हाच विषय सगळ्यात मोठा आहे, कारण धूळ भरपूर आणि पाणी कमी.

नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेव्हा पिण्याचं पाणी पॅनेलवर ओतायला जीव होत नाही. म्हणून मी पहिलं वर्षभर बोअरच्या पाण्यानं धुतलं. आपल्या बोअरचं पाणी कसं क्षाराचं आहे ते बाथरूमच्या नळाकडे बघून कळतं. उन्हात ते पाणी वाळलं की काचेवर पांढरा थर राहतो. धूळ पुसता येते, तो थर पुसता येत नाही. खालच्या कडेला, जिथं पाणी साचतं, तिथं अजून पट्टा आहे. वीज हळूहळू कमी होत गेली आणि मी पॅनेलला दोष देत बसलो.

आता असं करतो. पहाटे, पॅनेल गार असताना, दोन बादल्या पाणी, मऊ स्पंजचा लांब दांड्याचा वायपर. आधी कोरडी धूळ हलक्या हातानं, मग ओलं, आणि लगेच रबरानं पाणी ओढून घ्यायचं, वाळू द्यायचं नाही. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, काच तडकू शकते. साबणाची पूड, घासणी नको. पॅनेलवर उभं राहून धुऊ नका. वरून काच शाबूत दिसते, पण आतले सेल तडकतात.

उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी, साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात आठ-दहा दिवसांनी. आमच्याकडे वाऱ्याबरोबर बगॅसची (उसाच्या चिपाडाची) काळी राख येते, ती तेलकट बसते. पावसाळ्यात काही करावं लागत नाही.

———

शेंगापोळी:

आरओचं जे पाणी वाया जातं ते वापरलं तर चालेल का? रोज दोन बादल्या निघतात.

———

काळी_माती:

नको ताई. आरओ मशीन क्षार बाजूला काढून त्याच पाण्यात सोडतं, म्हणजे ते मूळ पाण्यापेक्षाही खारट. ते फरशी पुसायला वापरा. एसीच्या नळीतून जे पाणी ठिबकतं ते मात्र चांगलं, त्यात क्षार नसतात. उन्हाळ्यात आम्ही तेच ड्रममध्ये साठवतो. आणि पहिल्या दोन-तीन पावसांनंतर पन्हाळीचं पाणी धरून ठेवतो.

———

तारवाला:

हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. एसीचं पाणी आजपासून धरतो.

———

गारपीट२:

गारांचं काय? काच फुटली तर?

———

खडी_सिमेंट:

चांगल्या पॅनेलची काच कडक केलेली असते. प्रमाणपत्राच्या चाचणीत २५ मिलिमीटरचा बर्फाचा गोळा ताशी ८० किलोमीटरच्या वर वेगानं मारून बघतात. लिंबाएवढ्या गारांची खात्री कुणी देत नाही, म्हणून घराच्या विम्यात पॅनेल घालून घ्या. खर्च फार नसतो.

———

वळीव:

सगळ्यांचे आभार. राहिलेल्या दोन-चार गोष्टी सांगतो, मग बहिणीचं काय झालं ते.

अर्ज पीएम सूर्यघरच्या सरकारी पोर्टलवर स्वतःच्या मोबाइल नंबरवरून करा, विक्रेत्याच्या नव्हे. विक्रेता त्या पोर्टलवर नोंदलेला असला पाहिजे, आणि पॅनेल भारतीय सेलचे, ज्याला डीसीआर म्हणतात तेच, नाहीतर अनुदान अडकतं. स्वस्त कोटेशनात इथंच गोम असते. बिलावर प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक लिहून घ्या आणि पॅनेल वर चढवण्याआधी मागच्या बाजूच्या क्रमांकाचा फोटो काढा, एकदा बसल्यावर तो वाचता येत नाही. इन्व्हर्टरचं अ‍ॅप तुमच्या ईमेलवर उघडून घ्या. आमच्या विक्रेत्यानं स्वतःच्या नावावर उघडलं होतं, त्याचा फोन बंद झाल्यावर तीन महिने मला माझ्याच गच्चीवर किती वीज झाली ते दिसत नव्हतं. पाच वर्षांची देखभाल योजनेतच धरलेली आहे, ती करारात लिहून घ्या, वर्षातून किती फेऱ्या तेही. शेवटचा हप्ता नेट मीटर बसल्यावरच द्या. सप्टेंबर २०२५ पासून सोलर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, जुन्या दराचं कोटेशन कुणी पुढं केलं तर विचारा.

आता बहीण. तिची वर्षाची बेरीज २,१६० युनिट निघाली. यंदा सासूबाईंच्या खोलीत एसी बसवणार आहे, ते धरून आम्ही ३ किलोवॅट सोडून २ वर आलो, चार पॅनेल. त्यातून साधारण तीन हजार युनिट होतील. खडी_सिमेंट यांनी सांगितल्यावर स्लॅब खालून बघितला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ओल होती, ते काम आधी. मीटर अजून तिच्या सासऱ्यांच्या नावावर आहे. ते हयात आहेत आणि खणखणीत आहेत, तेव्हा अर्ज त्यांच्याच नावानं, अनुदान त्यांच्याच खात्यात. त्यांना हे कळल्यावर ते स्वतः रोज गच्चीवर जाऊन सावली बघायला लागलेत.

टाकी मात्र हलवतोय. जिन्याच्या खोलीवरून उतरवून उत्तरेच्या कोपऱ्यात, लोखंडी घोडीवर. प्लंबर गुरुवारी येतो म्हणालाय. खोलीची सावली उरतेच, ती कुठवर येते ते सासऱ्यांनी बुधवारी दिवसभर बसून पुन्हा आखलं, आणि खडू पुसला जाईल म्हणून त्या रेघेवर निळा ऑइलपेंट मारून ठेवलाय. चारही पॅनेल त्या रेघेच्या उत्तरेला बसतात, मोजून बघितलं. नवीन कोटेशन द्यायला येणाऱ्याला आधी ती रेघ दाखवायची, असं त्यांनी ठरवलंय.

———

शेंगापोळी:

आजोबांना नमस्कार सांगा. आणि सांगाडा आठ फुटांचाच करा हं, आत्ताच.

———

वळीव:

आठच सांगितलाय ताई. ठोकळे आणि तिरपे आधार दोन्ही लिहून घेतलेत. बसल्यावर फोटो टाकतो.